आधारवरचं वय

लातूरच्या डॉक्टरांनी सिंधूचे रिपोर्ट आणि वय कॉम्प्युटरात भरलं. स्वादुपिंडातली गाठ काढल्यावर जिवाला किती धोका राहील, त्याचा आकडा त्यातून निघत होता.

"आकडा फार वाढलाय, काका. शुगर आहे, अंगात ताकद नाही, त्यात वय एकाहत्तर. काकू साठीच्या असत्या तर मी ऑपरेशन केलं असतं. आधारवरचं वय बरोबर आहे ना?"

सिंधू साठच वर्षांची होती. निराधार योजनेचा महिन्याचा पगार लवकर सुरू व्हावा म्हणून तिच्या नवऱ्यानं, रामलिंगनंच, आधारवर तिचं वय वाढवून घेतलं होतं. आता खरं सांगितलं तर पोलीस केस होईल, अशी भीती त्याच्या मनात बसली.

"हाव, बरोबर हाय," तो म्हणाला.

निलंग्याच्या एसटीत बसल्यावर सिंधू एवढंच बोलली, "मला लईच म्हातारी करून टाकलंत की ओ."

तीन महिन्यांत ती गेली. मृत्यूच्या दाखल्यासाठी ग्रामसेवकानं तिचं वय विचारलं.

"साठ."

"आधारवर तर एकाहत्तर हाय, मामा."

"ते मी लिव्हून घेतलेलं हाय," रामलिंग म्हणाला. "तुम्ही साठ लिव्हा. मग पोलीस बोलवायचे तर बोलवा."