तिच्या लॅपटॉपवर

बुटकीनं एन्टर दाबलं आणि चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. ओळी सरसर वर पळाल्या, मध्येच अडखळल्या आणि खाली पुन्हा लाल अक्षरं उगवली.

"आता काय म्हणतंय?" दादा मागच्या खुर्चीतून पुढं वाकला.

"तुझा फोल्डर मागतंय. बसलंय माझ्या लॅपटॉपवर आणि शोधतंय तुझं घर."

दादा हसला, पण लगेच पाय हलवायला लागला. सकाळपासून त्याचा तो पाय काही थांबत नव्हता, खुर्ची नुसती करकरत होती.

दोघांनी मिळून एका फिजिओबाईंच्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर केलं होतं आणि ते चालायचं मात्र फक्त दादाच्या लॅपटॉपवर. दादा सोमवारी दुसऱ्या शहरात नोकरीवर रुजू होणार होता. त्याआधी सगळं तिच्याकडे उभं राहायला हवं, नाहीतर फिजिओबाईंना सांगायचं, दुसरं कुणी बघा. म्हणून तिनं त्याचे वेगवेगळे भाग पाडायला घेतले होते. पेशंटच्या वेळा एकीकडे, बिलं एकीकडे, रिपोर्ट एकीकडे. आणि जे कशातच बसत नव्हतं ते सगळं दादानं 'कॉमन' नावाच्या भागात कोंबलेलं.

"हे नावालाच कॉमन आहे," बुटकी म्हणाली. "आत काय आहे ते तुझं तुलाच ठाऊक."

"मलाही नाही."

"शाबास."

आईनं दारातून डोकं घातलं. "अजून चाललंय? इकडचं तिकडे ठेवायला एवढा वेळ? अख्खं घर हलवून झालं असतं."

"घरच हलवतोय," बुटकी मान न वळवता म्हणाली. आई पुटपुटत गेली.

"नाहीच झालं तर मी नोकरीवाल्यांना कळवतो," दादा म्हणाला. "महिनाभर उशिरा येतो म्हणून."

"काही कळवायचं नाही. तू गप्प बस आणि पाय थांबव."

तिनं कॉमन उघडलं. बिलं वेळांवर अवलंबून, वेळा बिलांवर, आणि दोन्ही मिळून दादाच्या लॅपटॉपमधल्या एका फाइलवर, जिचा पत्ता त्यानं कधीतरी घाईघाईत तसाच चिकटवून दिला होता. तिनं तो पत्ता काढला, फाइल कॉमनच्या आत आणून ठेवली. बिलांमधून वेळांकडे जाणारी ओळ तोडली. मग एन्टर.

ओळी पळाल्या. पळतच राहिल्या. दादाचा पाय थांबला.

हिरवं आलं.

बुटकीनं त्याचा लॅपटॉप सरळ बंद केला आणि परत एन्टर दाबलं. तरी हिरवं. पडद्यावर दवाखान्याचं पान उघडलं, पेशंटच्या वेळा ओळीनं दिसल्या. बिल काढलं, तेही निघालं.

"झालं की रे!" ती खुर्चीतच उडाली, मागं वळली. दादा पडद्याकडे बघत होता. म्हणजे बघत होता आणि नव्हताही.

"जुनं काहीतरी शिल्लक राहिलं असेल," तो म्हणाला. "त्याच्यावर चालत असेल."

"नाही रे. मी सगळं पुसूनच घेतलं होतं."

"तरी. रिपोर्ट बघितलास?"

तिनं रिपोर्ट काढून दाखवला. बरोबर होता. त्यानं तो वाचला, मग परत पहिल्यापासून वाचला. पेशंटच्या नावावर बोट ठेवून थांबला, पण नावात काहीच चुकलं नव्हतं.

"बुटके, एकदा परत करायचं का?" तो हळूच म्हणाला. "म्हणजे, अगदी पहिल्यापासून. खात्री म्हणून."

ती काहीतरी टोमणा मारणार होती. ओठांवर आलाही होता. पण त्यानं स्वतःचा बंद लॅपटॉप उचलून मांडीवर घेतला होता, आणि दोन्ही हात त्यावर ठेवून तो वाट बघत होता.

बुटकीनं आपल्या लॅपटॉपवरचा अख्खा प्रोजेक्ट निवडला आणि डिलीट दाबलं. मग खुर्ची जरा बाजूला सरकवून त्याला टेबलाशी जागा करून दिली.

"चल," ती म्हणाली, "आधी काय करायचं, सांग."