मुळांतली झाडं

"फुपी, डोळा चिकटवू नगं. जरा लांबनं बघ," सबिना म्हणाली.

बिस्मिल्लानं पदर सावरला आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकात पाहिलं. सबिना तिच्या भावाची मुलगी, बारामतीतल्या एका माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. सकाळी कळसहून फडक्यात बांधून आणलेली घासाची मुळं तिनं धुतली, उकळली, निळ्या शाईत बुडवली होती. जन्मभर गुरांपुढं घास टाकणारी बाई घासाची मुळं बघायला बारामतीला गेली, हे कळसमध्ये कळलं असतं तर लोकांची हसून मुरकुंडी वळली असती.

पण बाईचं काम तसंच निकडीचं होतं. कॅनॉलकडेचं त्यांचं आठ गुंठे रान खारानं चोपण झालेलं. उन्हाळ्यात वर पांढरं मीठ फुलायचं. तिथली माती वीटभट्टीला द्यायचं तिच्या नवऱ्यानं, महंमदनं, ठरवलं होतं. माती गेली की रानाचा खड्डा होणार. बिस्मिल्लानं हट्टानं एक हंगाम मागून घेतला, सबिनानं दिलेली पावडर बियाण्याला चोळली आणि मेथी घास पेरला. घास गुडघाभर झाला, चार कापण्या निघाल्या. तरी महंमद म्हणायचा, "औटघटकेचं राज्य हाय त्ये. खारात कुठं घास टिकतो व्हय?" शुक्रवारी भट्टीचे ट्रॅक्टर येणार होते आणि आज बुधवार. नवऱ्याला पटेल असं काहीतरी तिला हवं होतं.

आणि आता समोर झाडं होती. मुळाच्या आत, डोळ्याला न दिसणाऱ्या एकेका खोलीत एकेक निळं झाड. बुंधा, फांद्या, फांद्यांना फांद्या. मुळाबाहेर कोळ्याच्या जाळ्याहून बारीक दोरे.

"ही बुरशी. त्या पावडरीतली," सबिना म्हणाली. "मूळ जितं पोचत न्हाय तितं हे दोरे जात्यात. पाणी आणत्यात, खत आणत्यात, खार सोसायला बळ देत्यात. बदल्यात घास त्यांना साखर देतो."

"कवापास्नं चाललंय ह्ये?"

"मानूस नव्हता तवापास्नं."

"या अल्ला," बिस्मिल्ला पुटपुटली. पायाखाली एवढं मोठं गाव नांदत होतं आणि तिला पत्ता नव्हता. तिचे डोळे भरून आले.

स्टँडवर एसटी सुटायच्या घाईत तिनं महंमदला फोन लावला. "अवो, आपल्या घासाच्या मुळात बुरशी हाय! लई बुरशी! आल्यावर सांगते." आणि धावत गाडीत चढली.

बुरशी म्हटल्यावर इंदापूर तालुक्यातल्या कळसमध्ये माणूस काय करील? शेजारच्या जयवंताची डाळिंबाची बाग बुरशीनंच तर गेली होती.

बिस्मिल्ला रानात पोहोचली तेव्हा महंमदच्या पाठीवर पंप होता. निम्मा घास ओला झाला होता आणि औषधाचा उग्र वास सुटला होता.

"वाचवला तुझा घास," घाम पुसत तो म्हणाला. "भवानीनगरहून बुरशी मारायचं औषध आणलं. पार मुळापातूर भिजवतोय."

ज्या रानाकडं हा कधी ढुंकून बघत नव्हता, त्याच्यासाठी भर उन्हात पळाला होता. तिला रागावताही येईना. ती बांधावर बसली आणि तळहातावर बोटानं झाडं काढून त्याला सगळं सांगितलं. पाठीवरचा पंप न उतरवता तो ऐकत राहिला.

"मेली असतील?" त्यानं विचारलं.

"ह्या निम्म्यातलं काय म्हाईत. त्या निम्म्यात हायत."

तेवढ्यात भट्टीवाल्याचा फोन आला.

"न्हाय, माती द्यायची न्हाय आता," महंमद म्हणाला. "पैशाचं न्हाय वो. खाली मंडळी कामाला लागल्याती."

त्यानं फोन खिशात टाकला. घरची पायवाट न फवारलेल्या, कोरड्या घासातून सरळ जात होती. महंमद पायवाटेकडं वळला आणि थांबला. मग पाठीवरचा जड पंप सावरत, कडेकडेनं, सगळ्या बांधाला वळसा घालून तो घराकडं निघाला.