पोटात मैदानभर माणसं

या मित्रांनो, असे पुढे सरका. मागच्यांनीही यावं, सतरंजी मोठी आहे. माझा आवाज आता घोगरा झालाय, म्हणून जवळ बसा. तुम्हाला एका कीर्तनाची गोष्ट सांगते. सांगणारी मी एक जुनी कॅसेट आहे, आणि माझ्यात भरलाय रॉक बँड.

हसू नका. एके काळी त्या बँडचं नाव जगभर गाजत होतं. त्यांची गाणी सगळ्यात जास्त खपली त्याच वर्षी एका भल्या मोठ्या मैदानात त्यांचा कार्यक्रम झाला, आणि तो जसाच्या तसा माझ्या फितीवर उतरला. गिटार, ड्रम, आणि हजारो माणसांचा गलका. नागपूरला कॉलेजात शिकणाऱ्या अमरने मला विकत घेतलं. मित्र मला मागून न्यायचे, तेव्हा मी परत येईपर्यंत त्याला चैन पडत नसे. पुढे बँड फुटला, सीडी आली, मोबाइल आला. अमरने घाटंजीत पाण्याच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं, म्हणजे वायंडिंगचं, दुकान टाकलं, आणि मी तांब्याच्या तारांच्या डब्यात पडून राहिले. डबा उघडला की वाटे, आज भंगारात जाणार.

मला बाहेर काढलं ते सुरभीसाठी. सुरभी अमरची मुलगी. ती तुळसाबाईंकडे कीर्तन शिकते. तुळसाबाईंनी तालुकाभर कीर्तनं केली, पण त्यांचा घसा बसला तो बसलाच. आपल्यानंतर सुरभीने कीर्तनाला उभं राहावं, एवढीच त्यांची आस. घरात सुरभी असं निरूपण करते, की गॅसवरचं दूध उतू गेलेलं आईला कळत नाही. पण गेल्या वर्षी देवळातल्या हरिनाम सप्ताहात नमन झालं, टाळ थांबले, आणि समोरची माणसं पाहून तिची वाचाच गेली. ती तशीच रडत घरी आली. यंदा पुन्हा तिचं कीर्तन ठरलं होतं. यंदाही तसंच झालं तर परत कधी उभी राहणार नाही, असं तिने आईला सांगून टाकलं होतं.

मग अमरने युक्ती काढली. सरावाला घरात गर्दी आणायची कुठून? तर माझ्या पोटातून. त्याने टेपरेकॉर्डर दुरुस्त केला, मला लावलं, आणि त्या गलक्यासमोर सुरभी निरूपण म्हणू लागली. तुळसाबाईंनी पहिल्याच दिवशी कानावर हात ठेवले.

"काहून बोंबलून राह्यले हे? गाणं आवडलं का मारामारी झाली?"

"आवडलं, मावशी," अमर म्हणाला.

"आपल्या देवळात असं कोणाले आवडलं, त मी काठीच घेईन."

सुरभी धीट झाली. सगळे खूश होते. मला मात्र हे पटत नव्हतं. देवळातले लोक कुठे ओरडतात? ते हात जोडून गप्प बसतात आणि पहिल्या वाक्याची वाट पाहतात. पोरीची वाचा गेली ती त्या शांततेने, आणि घरचे तिला सराव देत होते गलक्याचा. माझ्यात शांततेचीही एक जागा होती. शेवटच्या गाण्याआधी गायक नुसता उभा राहतो आणि सगळं मैदान चिडीचूप होतं. पण तिथे काहीच नाही, असं समजून अमर ती जागा दरवेळी पुढे पळवायचा. त्याला कसं सांगणार?

कीर्तनाच्या आदल्या दुपारी तुळसाबाईंनीच त्याचा हात धरला. "पळवू नको. काय हाय तिथं, आयकू दे."

अमरने ती जागा वाजू दिली. "बंद पडली काय?" सुरभीने विचारलं.

तुळसाबाई सावरून बसल्या. "बंद नाही पडली. लोक थांबून राह्यले. पोरी, तुले याचंच त भेव वाटते."

त्यांनी तीच जागा पुन्हा पुन्हा लावायला सांगितली. सुरभीचं तोंड उघडेना. मागे-पुढे करून माझी फीत तिथे ताणली जात होती, आणि मी मनात म्हणत होते, एकदा बोल गं बाई. ती बोलण्याआधीच माझी फीत तुटली.

दुसऱ्या दिवशी अमर मला शर्टाच्या खिशात घालून देवळात गेला. तुटकी कॅसेट कशाला नेली, त्याचं त्यालाच ठाऊक. खिशामागे त्याचं काळीज धडधडत होतं. नमन झालं. टाळ थांबले. माणसं गप्प झाली, आणि सुरभीही गप्प. कुणीतरी खोकलं. पेटीवाल्याने उगीच एक सूर दाबून सोडला.

तिच्यामागे टाळ घेऊन तुळसाबाई उभ्या होत्या. पहिलं वाक्य त्यांच्या ओठावर होतं. त्यांनी एक शब्द पुटपुटला असता, तरी पोरीची सुटका झाली असती. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी ते घट्ट मिटले आणि टाळ छातीशी धरले, चुकूनही वाजू नयेत म्हणून.

सुरभीने वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग लोकांकडे पाहिलं.

"तुमी थांबले," ती म्हणाली, "म्हणून मलेबी थांबता आलं. आता आयका."

आणि निरूपण सुरू झालं. अमरचं काळीज केव्हा ठिकाणावर आलं, मला कळलंही नाही, मी ऐकण्यातच रमले होते.

मित्रांनो, घरात जुनी कॅसेट असेल तर तिला ओल लागू देऊ नका. माझी फीत अमर जोडेल की नाही, ही धाकधूक मला अजून आहे. पण माझं विसरलात तरी चालेल. सुरभीचं नाव तुमच्या कानावर येईलच. तिच्या कीर्तनाला कधी बसलात, तर तिच्यामागे उभ्या असलेल्या तुळसाबाईंची तेवढी आठवण ठेवा. सगळं पाठ असून त्या गप्प राहिल्या.