बैलांनी ओढलेला ऑटो

मी एक जुना ऑटो आहे, मित्रांनो. आर्णीजवळच्या एका तांड्यावर राहतो. नवा होतो तेव्हा बाया माझ्या आरशात पाहून टिकली नीट करायच्या. तेव्हापासून मी थोडा गर्विष्ठच आहे, हे आधीच कबूल करतो.

माझा मालक धरमसिंग. बाजाराच्या दिवशी माझ्यात माणसे, कोंबड्या, तुरीची पोती, सगळे गुण्यागोविंदाने बसत. "धरमसिंगच्या ऑटोत पोटातलं पाणी हालत नाही," असे लोक म्हणत. ते ऐकून मी सुखावत असे.

मग दारू आली. आधी संध्याकाळी, मग दुपारी, मग सकाळच्या चहाआधी. एके दिवशी वळणावर त्याने मला नालीत घातले. माझी काच फुटली, त्याचे मला काही नाही. पण आत त्याची मुलगी पुष्पा होती. तिचा हात मोडला. पोलिसांनी तपासले तेव्हा धरमसिंग प्यायलेला निघाला आणि सहा महिन्यांसाठी त्याचा परवाना गेला.

पुष्पाचा हात जुळला, पण ती माझ्यात बसेना. शाळेत पायी जाऊ लागली.

धरमसिंगने दारू सोडली. दवाखान्याचे औषध चालू होते, तरी तो माझ्या मागच्या सीटवर थरथरत पडून राही. बायको हंसाबाई उशाशी बसे. चावी तिच्या पदराला बांधलेली असे.

शेजारची बेबीताई म्हणाली, "काहून भेतं रे एवढा? या रस्त्यानं लायसन कोण पुसते? चालव बिनधास्त!"

"नाही, बेबीताई. लायसन हाती येईस्तोर मी इंजिन चालू नाही करत."

कापूस बाजारात न्यायचा होता आणि बैलगाडीचे चाक मोडलेले. मग काय, त्याने मलाच बैल जुंपले! रस्त्यावरची पोरे फोटो काढत होती. मला एवढी लाज कधी वाटली नव्हती. धरमसिंग मात्र हसत होता. पुष्पा शेजारून चालत होती. बैल ओढत होते, तरीही ती माझ्यात बसली नाही.

सहा महिने संपले, परवाना परत आला. धरमसिंगने तो आधी पुष्पाच्या हातात दिला. तिने तो उलटून पाहिला, परत केला आणि म्हणाली,

"बा, तोंड उघड."

सगळा तांडा पाहत होता. धरमसिंग खाली वाकला आणि त्याने तोंड उघडले. पूर्वी दारूचा वास लपवायला तो तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळायचा. आज तोही नव्हता.

"उद्याबी पाहीन," म्हणत पुष्पा माझ्यात बसली. मी पहिल्याच झटक्यात सुरू झालो. आनंद मला लपवता येत नाही.

मित्रांनो, गाडी धुवा, तेल घाला, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझे मागणे एवढेच आहे, की गाडीत पाय ठेवण्याआधी चालवणाऱ्याला "प्यायला आहेस का?" असे विचारायला लाजू नका, मग तो तुमचा बाप का असेना. पुष्पा आजही रोज विचारते. धरमसिंग अजून एकदाही रागावलेला नाही.