माजी विद्यार्थिनींचा डाव

माजी विद्यार्थी संघाच्या बैठकीला दोन विद्यार्थी प्रतिनिधी घ्यायचे असं प्राचार्यांनी ठरवलं, ते काही विद्यार्थ्यांवरच्या मायेपोटी नव्हे. उन्हाळ्याआधी कॉलेजात मूल्यांकनासाठी नॅकची समिती यायची होती आणि संघाच्या कामात विद्यार्थ्यांचा सहभाग किती, हे ती विचारणार होती. सहभाग दाखवायचा तर निदान दोन माणसं तरी हवीत. वसतिगृहातून सिरसाळ्याच्या अंगदचं नाव आलं आणि मुलींच्या खो-खो टीमची कॅप्टन म्हणून सहरचं.

सहर मांजरसुंब्याची. तिचे अब्बा हैदरभाई तिथल्या चौकात फळांचा गाडा लावत. सहर रोज एसटीनं बीडला यायची, सकाळी ग्राउंडवर घाम गाळायची आणि मग वर्गात बसायची. हायवेच्या चौकात वाढलेल्या पोरीला ट्रकच्या हॉर्नवर आवाज चढवून बोलायची सवय लागतेच. त्यामुळे पहिल्या बैठकीला प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरताना अंगदनं दोनदा घसा खाकरला, सहरनं एकदाही नाही.

आत संघाची कार्यकारिणी चहा पीत बसली होती. मधल्या खुर्चीत अध्यक्ष सुंदरराव. मोठे ठेकेदार, जिल्हा परिषदेत दोनदा निवडून आलेले, सगळा जिल्हा त्यांना भाऊ म्हणायचा.

“या, या,” ते म्हणाले. “तुमचं काम सोपं हाय. मेळाव्याच्या दिवशी पाहुण्यांना गुच्छ द्यायचे, पाण्याच्या बाटल्या संपल्या की आणायच्या. नाश्ता आमच्यासंगंच करा.”

मग निमंत्रणांची चर्चा सुरू झाली. दोन डॉक्टर, एक पोलीस अधिकारी, साखर कारखान्याचे संचालक, पुण्यात कंपनी काढलेला कुणीतरी. सहर ऐकत राहिली. चर्चा संपत आली तशी ती म्हणाली, “भाऊ, यात एकबी बाई न्हाई. आपल्या कॉलेजात पोरी शिकत नव्हत्या का?”

कुणीतरी फिसकन हसलं. सुंदररावांनी मात्र समजुतीच्या सुरात उत्तर दिलं. “शिकत होत्या की. आमच्याच वर्गात धा-बाराजणी होत्या. पण लग्नं झाली, आडनावं बदलली, गावं बदलली. आता त्यांना कुठं हुडकायचं?”

“आमी हुडकतो.”

“हुडका.” त्यांनी कप बशीत ठेवला. “आणल्यास तर माग काय मागायचं ते.”

“ग्राउंड द्या भाऊ. मेळाव्याच्या दिवशी अकराला. जुन्या पोरी इरुद्ध नव्या पोरी, खो-खो.”

आता सगळेच हसले. सुंदररावही पोट धरून हसले आणि त्या हसण्याच्या भरात म्हणाले, “दिलं!” प्राचार्यांनी तेवढ्यात कार्यक्रमपत्रिकेत अकरा वाजता खो-खोचा सामना टाकलासुद्धा. त्यांना विद्यार्थ्यांचा सहभाग हवाच होता.

बाहेर पडल्यावर अंगद पायऱ्यांवरच थांबला. “सहर, तुला कळतंय का काय बोललीस ते? त्यांनाच सापडत न्हाईत, आपल्याला कुठं सापडणार?”

“तुझ्या थोरल्या बहिणीचं लग्न झालं ना रे?”

“झालं की. केजला दिलीय.”

“आडनाव बदललं?”

“बदललं.”

“मग मी तुझ्या घरी येऊन तुझ्या आईला विचारलं, ताई कुठं हाय, तर ती सांगल का न्हाई?”

“सांगल की,” अंगद म्हणाला. सहर म्हणाली, “पोरीचं आडनाव बदलतं, माहेर कुठं जातंय? आपल्या कॉलेजात पोरं कुठून येतात? त्याच गावांतून. प्रत्येकानं आपल्या गावात फक्त इचारायचं, आपल्या गावची कोणती लेक बीडला शिकली?”

त्याच आठवड्यात अंगदनं वसतिगृहातल्या खोल्या पालथ्या घातल्या आणि सहरनं एसटीनं येणाऱ्या मुलींना गाठलं. सुरुवातीला पोरांनी टिंगल केली. पण रविवार घरी घालवून परत आली तेव्हा प्रत्येकाकडं काहीतरी होतं. कुणाची चुलती निघाली, कुणाच्या शाळेतली बाई. एकाला तर स्वतःची आईच सापडली. आपली आई आपल्याच कॉलेजात दोन वर्षं शिकली होती हे त्या गड्याला तोवर ठाऊक नव्हतं. 

सहरला मात्र एक नाव सगळ्यांच्या आधी हवं होतं. त्यांचे क्रीडाशिक्षक सांगायचे, आपल्या मुलींची टीम एकदाच विद्यापीठाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेली, तिची कॅप्टन डोंगरकिन्हीची बबिता. डोंगरकिन्हीच्या एका मुलीनं बबिताच्या भावजयीला गाठलं आणि पत्ता आणला. पाटोद्याला दिलीय, पिठाची गिरणी चालवते.

सहर बायांचं अर्धं तिकीट काढून पाटोद्याला गेली. आठवडी बाजारामुळं गिरणीपुढं डब्यांची रांग लागली होती. आत एक उंच बाई उभी होती, भुवयांपर्यंत पिठानं पांढरी झालेली.

“बबितामावशी, मी बीडच्या कॉलेजातून आले. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा हाय.”

“ज्वारी का गहू?” बबितानं विचारलं. गिरणीच्या आवाजात तिला काही ऐकू गेलं नव्हतं. सहरनं चौकातला आवाज लावून पुन्हा सांगितलं.

बबितानं हात झटकला. “एकदा आलते मी मेळाव्याला. मागं बसवलं, भाषणं ऐकवली आन् जाताना मलाच पेढे वाटायला लावले. माझं नावसुद्धा कुणी इचारलं न्हाई. तू जा बाई, मला गिऱ्हाईक हाय.”

“भाषण न्हाई मावशी. खो-खो हाय.”

बबितानं हात लांब करून गिरणी बंद केली. पट्टा घरघरत थांबला. रांगेतल्या बाया चकित होऊन बघायला लागल्या.

“कोण खेळणार?”

“आमी एकीकडं, तुमी एकीकडं.”

“अगं, मी सत्तेचाळीसची झाले.”

“मग डाव पाच मिनटांचा ठेवू.”

बबिता तिच्याकडं नखशिखांत बघत राहिली. मग अचानक म्हणाली, “तू कुठं खेळतीस?”

“पहिल्या तीनमधी. पळायला.”

“आउट होतीस का?”

“यंदा विद्यापीठाच्या सामन्यात कुणी केलं न्हाई.”

“असं का,” बबिता म्हणाली, आणि पिठाच्या हातानंच मोबाईल काढला. पहिला फोन बीड डेपोत कंडक्टर असलेल्या प्रियदर्शनीला. दुसरा सिरसाळ्याला अंगणवाडी चालवणाऱ्या तुळजाला. रांगेतली एक म्हातारी कुरकुरली तशी बबितानं फोन खांद्यात धरून गिरणी पुन्हा सुरू केली आणि त्या गोंगाटात ओरडून ओरडून आपली जुनी टीम उभी केली.

मेळावा जानेवारीत होता. मधल्या दिवसांत सहरच्या टीमनं ग्राउंडवरचे दगड वेचले आणि अंगदनं वसतिगृहातली पोरं लावून मोडका खांब काढून नवा रोवला. मेळाव्याची वेळ सकाळची ठेवा, बायांना संध्याकाळच्या आत घरी पोचायचं असतं, असंही सहरनं प्राचार्यांना सांगितलं आणि ते मान्य झालं.

त्या दिवशी ती कॉलेजच्या फाटकातून आत शिरली आणि जागीच थबकली. ग्राउंडवर गाड्या लागल्या होत्या. संचालकांची, डॉक्टरांची, आणि बरोबर दोन खांबांच्या मध्ये सुंदररावांची पांढरीशुभ्र मोठी गाडी.

ती तडक सुंदररावांकडं गेली. ते मांडवात पाहुण्यांच्या घोळक्यात उभे होते. “भाऊ, ग्राउंड आमाला दिलंय. पत्रिकेत छापलंय.”

“अगं बेटी, मोठी माणसं आलीत, गाड्या कुठं लावायच्या? आधी सत्कार होऊ दे, भाषणं होऊ दे. मग खेळा की निवांत.”

“भाषणं दोनला संपतात भाऊ. तवर बायांच्या बसेस निघतात.”

“कोणत्या बाया?” सुंदरराव हसत म्हणाले.

फाटकातून तेव्हा त्या येतच होत्या. आधी पाटोद्याकडच्या, मग सिरसाळा-परळीच्या, मग बीडमधल्याच. कुणी लेकीला घेऊन, कुणी सुनेला. प्रियदर्शनी रात्रपाळी करून थेट आलेली, अंगावर खाकी गणवेश तसाच. बघता बघता फाटकाजवळची जागा भरली. एकमेकींना ओळखून त्या किंचाळत होत्या, गळ्यात पडत होत्या. मांडवातली भाषणाची तयारी आपोआप थांबली. सुंदररावांचं हसू ओठांवरच राहिलं.

बबिता घोळक्यातून बाहेर आली. लेकाचा ट्रॅकसूट, वरून ओढणी घट्ट बांधलेली. तिनं आधी ग्राउंडकडं पाहिलं, मग सरळ अध्यक्षांसमोर येऊन उभी राहिली.

“सुंदर, गाडी काढ.”

 गेल्या वीस वर्षांत या माणसाला कुणी नुसतं सुंदर म्हटलं नव्हतं. त्यांच्या मागं उभे असलेले दोन कार्यकर्ते पुढं सरसावले, पण सुंदररावांनी हात आडवा केला. ते बबिताकडं डोळे बारीक करून बघत होते.

“बबे? डोंगरकिन्हीची?”

“आजून कोण? फायनलला तू हलगी वाजवायला आलतास, आन् आमी हरल्यावर माझ्यापेक्षा तूच जास्त रडलास. ईसरलास का?”

सुंदररावांचा चेहरा लाल झाला. सगळे त्यांच्याकडं बघत होते. मग त्यांच्या खांद्यांचा ताठा गेला, आणि त्यांनी खिशातून किल्ली काढून कार्यकर्त्याकडं फेकली. “काढा बे गाड्या! सगळ्यांच्या काढा. आन् हलगी कुठं मिळती का बघा.”

दहा मिनिटांत ग्राउंड मोकळं झालं. हलगी मिळाली, चुन्याच्या फक्कीच्या रेषा पुन्हा मारल्या गेल्या. हैदरभाईंनी पाठवलेली मोसंबीची पाटी अंगदनं दोन्ही टीमच्या मध्ये ठेवली आणि शिट्टी क्रीडाशिक्षकांच्या हाती गेली.

पहिला डाव जुन्यांनी पळायचा. त्यांचं फार काही चाललं नाही. सहरच्या पोरींनी धडाधड गडी बाद केले. तुळजा एकदा फतकल मारून पडली आणि हसून हसून तिला उठवेना, म्हणून तिथंच बाद झाली. मांडवातली पुरुषमंडळी खुर्च्या उचलून ग्राउंडच्या कडेला येऊन बसली होती. ज्यांना भाषण करायचं होतं ते पाहुणेसुद्धा.

दुसऱ्या डावात सहर पळायला उतरली. बबिता पाठलागावर होती. तिचा दम उखडला होता, पाय जड झाले होते, पण ती धावतच नव्हती मुळी. ती जागा खायची, पळणारीची वाट आधीच अडवायची. सहर एका फटीतून निसटली, दुसऱ्या फटीतून आली, खांबाला वळसा घालून पुन्हा मधे शिरली. हलगी वाजत होती, पोरं सहरचं नाव घेऊन ओरडत होती. बबिता तिच्या डावीकडं झेपावली. सहरनं ते ओळखलं आणि उजवीकडच्या फटीतून झटकन पलीकडं गेली.

बबिताची नजर डावीकडंच होती. खो मात्र तिनं उजवीकडच्या प्रियदर्शनीच्या पाठीत दिला होता. प्रियदर्शनी उठली ती थेट सहरच्या समोर. खचाखच भरलेल्या एसटीत मागच्या सीटपर्यंत वाट काढणारी बाई ती. तिनं एका पावलात हात लांब केला आणि सहरच्या खांद्यावर थाप पडली.

क्षणभर सहरला कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं वळून बबिताकडं पाहिलं. ती तिथंच उभी राहून मोठ्यानं हसली. बबिता गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती.

“डोळे बघत होतीस माझे,” ती म्हणाली. “खांदा बघायचा असतो.”

“पुन्हा शिकवाल का मावशी?”

“ये रविवारी गिरणीवर. सकाळी. नंतर गर्दी होतीय.”

सामना नव्या पोरींनी जिंकला, चांगल्या फरकानं जिंकला, आणि सहरला त्यात काही गैर वाटलं नाही. त्या रोज घाम गाळत होत्या, जिंकायलाच हव्या होत्या. बबितानंही मनापासून तिच्या पाठीवर थाप मारली. पण ग्राउंडवरून कुणी उठायला तयार नव्हतं. शेवटी सुंदररावांनीच सांगितलं, सभा इथंच घेऊ, मांडव राहू दे.

तशी पहिलीच सभा ती. अर्ध्याहून जास्त बाया मातीत मांडी घालून बसलेल्या. कार्यकारिणीत तीन माजी विद्यार्थिनी घ्याव्यात असा ठराव प्रियदर्शनीनं मांडला. एका संचालकांनी संघाची घटना बघावी लागेल म्हटलं. प्रियदर्शनी म्हणाली, “बघा की, आमी बसलोय.” हात वर झाले आणि ठराव मंजूर झाला. मग सहर उभी राहिली.

“विद्यार्थी प्रतिनिधींना मत पायजे,” ती म्हणाली. “बैठकीला बोलवता, पण ठरवताना इचारत न्हाई. या समद्या बाया कुणी आणल्या? गावागावच्या पोरांनी. उद्या आमीबी माजीच होणार हाय. मग आताच कावून न्हाई?”

सुंदररावांनी प्राचार्यांकडं पाहिलं. प्राचार्यांनी होकारार्थी मान हलवली. “हात वर करा,” सुंदरराव म्हणाले, आणि सगळ्यात आधी स्वतःचाच हात वर केला. संचालकांचा हात जरा उशिरा वर गेला, पण गेला.

प्रमुख पाहुण्यांनी आपलं भाषण दोन वाक्यांत आटोपलं. त्या दिवशी सगळ्यात मोठ्या टाळ्या त्यांनाच पडल्या.

पुढं फेब्रुवारीत तुळजाचा सिरसाळ्याहून सहरला फोन आला. तिच्या गावातल्या शाळेला ग्राउंड आहे, पोरी आहेत, पण शिकवायला कुणी नाही. रविवारी बबिताकडून परत येताना सहर बीडला उतरली आणि अंगदला घेऊन सिरसाळ्याच्या एसटीत बसली. पिशवीत फक्की होती, टेप होता आणि दोरीचा गुंडाळा. शाळेच्या आवारात तुळजा वाट बघत उभी होती, आणि तिच्यामागं सुट्टी असूनही युनिफॉर्म घालून आलेल्या पोरींचा घोळका, लाजत, एकमेकींना ढोसत.

अंगदनं दोरीचं एक टोक धरलं, सहरनं दुसरं. पहिली रेषा ओढून झाली तशी ती सरळ उभी राहिली, हातावरची फक्की झटकली आणि पोरींकडं बघून म्हणाली, “ज्यांना पळायचंय त्यांनी इकडं या. आन् ज्यांना वाटतंय आपल्याला पळता येत न्हाई, त्यांनी आधी या.”