माहेरी राहिलेली मर्सी

गाळणीतल्या चोथ्यावर सासूबाईंनी चमच्याने दाब दिला, शेवटचा थेंब पडेपर्यंत वाट पाहिली आणि कप ऋताच्या लॅपटॉपपासून हातभर दूर ठेवला — मुलुंडच्या या स्वयंपाकघरात रोज सकाळी घडणारं सगळं आजही त्याच क्रमाने घडत होतं. फक्त पडद्यावर, नुकत्याच सापडलेल्या एका जुन्या नोंदीतल्या ओळीवरून ऋताची नजर हलत नव्हती. मर्सी, थॉमसची मुलगी, अविवाहित, वडिलांच्या घरी वारली.

म्हणजे मर्सीचं लग्न झालंच नव्हतं.

अमेरिकेतल्या लोकांच्या वंशावळी लावून देणं हे ऋताचं काम. तिकडे इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाच्या चर्चच्या नोंदींत मर्सीचा बाप्तिस्मा सापडला होता, पुढे तिचा पत्ता नव्हता. आणि त्याच गावात, तिच्याच वयाची, शेजारच्या जॉनची बायको पेशन्स — तिच्या माहेराचा कुठेच उल्लेख नाही. मर्सीचीच लग्नात पेशन्स झाली, नाव बदललं असेल... किती सहज वाटलं मला ते! तिकडे बायकांचं आडनाव बदलतं, नाव नाही, हे ठाऊक असूनही आठवलं नाही. आठवणार कसं? समोर चहा गाळणाऱ्या प्रेमाबाई कणकवलीकडच्या एका गावात कुंदा म्हणून वाढल्या होत्या. मंडपात ताटातल्या तांदळांवर अंगठीने 'प्रेमा' उमटलं आणि कुंदा संपली. ऋताच्या लग्नात तसंच ताट पुढे आलं तेव्हा मात्र त्यांनीच ते बाजूला सारलं होतं — "आसा तांच नाव बरां आसा तिचां."

आणि हॉवर्ड... जॉन आणि पेशन्सचे वंशज, जिच्याकडून वंशावळ लावून घेत होते ते अमेरिकेतले म्हातारे गृहस्थ. आपली पूर्वज सापडल्याच्या आनंदात त्यांनी परवाच नातीचं नाव मर्सी ठेवलं होतं. गप्प राहिलं तर कोणाला कळणार होतं?

"आई, कुंदाची आठवण येते का हो कधी?"

"ह्यां काय गो सकाळीसकाळी नवीन?" त्या हसल्या, मग ओट्यावरचं फडकं उगाचच झटकलं. "ती खंय इली माझ्यावांगडा? ती थंयच रवली, बापाशीच्या घरात. चाय पी, निवतली."

सोबत सासरी आलीच नाही, तिथेच राहिली, बापाच्या घरात. ऋताने पुन्हा ती ओळ वाचली — आता ती वाईट बातमीसारखी वाटेना. मर्सीही कुठे हरवली नव्हती, ती तिथेच होती, आणि मी तिला उचलून कोणाची तरी बायको करून टाकली...

तिने दोघींना जोडणारी रेघ पुसली. मर्सीला तिच्या भावंडांत परत बसवलं. पेशन्सच्या वडिलांची जागा रिकामी सोडली. हॉवर्डना लिहिलं — चूक माझी आहे. मर्सी तुमची पूर्वज नव्हे, ती अखेरपर्यंत आपल्या वडिलांच्या घरी होती. नातीच्या नावाबद्दल काही लिहिण्याचा तिला धीर झाला नाही. मेल गेली.

चहा निवलाच होता. प्रेमाबाई पाठमोऱ्या, नळाखाली गाळणी धुताना काहीतरी गुणगुणत होत्या, आणि 'कुंदा' अशी हाक ऋताच्या ओठांपर्यंत आली — मारली तर वळून कोण पाहील, या विचाराने ती तशीच, कप हातात धरून, बसून राहिली.