सतरा मोजेपर्यंत

"ह्यांना काही विचारायचं असेल तर मला विचारा," मी म्हणाले. "ह्यांच्या कानांनी आठ वर्षांपूर्वीच राजीनामा दिलाय."

खात्याच्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी आपल्या डोक्यावरचं पिवळं हेल्मेट काढून ह्यांच्या डोक्यावर ठेवलं, हनुवटीखालचा पट्टा स्वतः बांधला आणि दुसरं माझ्या हातात दिलं. जुने किल्ले सांभाळायचं जे सरकारी खातं असतं, त्यातल्या त्या अधिकारी. वयानं आमच्या धाकटीएवढ्या. ह्यांचा हात धरून त्यांनी खड्ड्याच्या काठाशी नेलं आणि मला म्हणाल्या, "तुम्ही वर थांबलात तरी चालेल, काकू."

"मी वर थांबले तर ह्यांना खाली सांगणार कोण? हे फक्त माझे ओठ वाचतात. चाळीस वर्षं बोलणी खाल्लीत, तेवढा सराव आहे."

खड्डा किल्ल्याच्या तटाबाहेर, भर रस्त्यात होता. दहा दिवसांपूर्वी एका ट्रकचं मागचं चाक तिथं डांबरात रुतलं. डांबराखाली माती निघाली आणि मातीखाली पायऱ्या. मग हे खातं आलं, दोऱ्या बांधल्या, निम्मा रस्ता बंद झाला. खालून पाण्याच्या लाइनी कुठून जातात ते बघायला बाईंनी पाणीखात्याची जुनी रजिस्टरं मागवली, आणि त्यातल्या एका पानाचा फोटो घेऊन त्या परवा आमच्या दारात उभ्या राहिल्या.

अक्षर ह्यांचंच होतं, सरळ आणि जरा दाबून लिहिलेलं. एकतीस वर्षांपूर्वीची तारीख. 'तटाबाहेर, सायकल दुकानासमोर. खाली थेंब पडण्याचा आवाज. सतरा मोजेपर्यंत एक थेंब. पोकळी असावी.' त्याच्याखाली दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात, लाल शाईनं: 'खोदले. कोरडे.'

ह्यांनी तो फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि बाईंना म्हणाले, "लाल शाई तेव्हा फक्त साहेबांकडं असायची." एवढंच बोलले. रात्री मात्र ट्रंकेमागून त्यांनी आपली नोकरीतली काठी काढली आणि तेल लावून पुसत बसले.

ह्यांची नोकरी ऐकण्याची होती. पहाटे, रस्त्यावर चिटपाखरू नसताना हे निघायचे. हातात लांब पोलादी काठी, तिच्या वरच्या टोकाला लाकडाची वाटी. काठी रस्त्यावर टेकवायची, वाटी कानाला लावायची आणि जमिनीखालचा नळ कुठं फुटलाय ते सांगायचं. वीतभर इकडं नाही की तिकडं नाही. घरात मी शिवणाचं मशीन चालवत बसलेली असायचे, तर हे न्हाणीघरातून सांगायचे, बॉबिनला तेल दे, उद्या अडकेल. आणि मेलं दुसऱ्या दिवशी अडकायचंच.

त्या रस्त्याखाली त्यांना थेंब ऐकू आले. साहेब म्हणाले, फुटलेला नळ सूं सूं करतो, तो काही टपटपत नाही. हे म्हणाले, नळ नसेल, पण पाणी आहे. साहेबांनी वैतागून खोदायची परवानगी दिली. नऊ फुटांवर खडक लागला. पाण्याचा टिपूस नाही. त्यातच कुणाची तरी पहार चुकली आणि बाजूची मोठी लाइन फुटली. चार दिवस अर्ध्या गावाला पाणी नाही.

चौथ्या दिवशी लोक रिकाम्या बादल्या घेऊन आमच्या दारात आले. सायकलवाला सगळ्यांच्या पुढे. हे उंबऱ्यात उभे राहून एकच सांगत होते, "मी ऐकलंय. माझ्या कानांनी ऐकलंय." लोकांचा आवाज चढायला लागला तशी मी ह्यांना मागं सारलं आणि हात जोडून म्हणाले, "भास झाला हो त्यांना. माफ करा."

प्रकरण तिथंच मिटलं. मिटावं म्हणूनच मी तसं म्हणाले होते. ह्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, आत गेले आणि भिंतीकडं तोंड करून बसले. त्यानंतर त्या थेंबाचं नाव त्यांनी काढलं नाही. गावानं ह्यांना 'कोरडे' नाव ठेवलं, तेही त्यांनी हसून घेतलं. पण निवृत्तीपर्यंत गळती सापडली की हे दुसऱ्या कुणाला तरी बोलवायचे. "जरा तू पण ऐक बाबा," म्हणायचे, आणि तो हो म्हणाला की मगच रजिस्टरात लिहायचे. साहेबांनी तसं करायला सांगितलं नव्हतं. ती माझी करणी होती, आणि मला ते एकतीस वर्षं माहीत होतं.

तर आम्ही खाली उतरलो. पुढं दिवा घेतलेला गवंडी, मग बाई, मग काठी घेतलेले हे, आणि ह्यांचा शर्ट मागून घट्ट धरलेली मी. तेवीस पायऱ्या. दहाव्या पायरीला रस्त्यावरचा गलका अंगावरून चादर काढल्यासारखा गेला. पंधराव्या पायरीपासून गार लागायला लागलं. शेवटच्या पायरीवर बाईंनी गवंड्याचा दिवा घेऊन वर धरला आणि म्हणाल्या, "काकांना वर बघायला सांगा."

वर घडीव दगडांची कमान होती. दगडाला दगड असा बसवलेला की मधे सुई जाऊ नये. शिवणारीच्या नजरेला सांधा लगेच दिसतो, मला दिसेना.

"तेव्हा खोदणाऱ्यांना जो खडक लागला ना," बाई म्हणाल्या, "तो खडक नव्हता. हे छत होतं. त्यांची पहार इथं वर थांबली. हाताचं अंतर राहिलं होतं."

मी ह्यांच्यासमोर जाऊन दिवा माझ्या तोंडावर धरला आणि सावकाश सांगितलं. ह्यांनी हात वर करून कमानीला टेकवला.

पुढं जे पाहिलं ते कसं सांगू. एका माणसापुरता बोळ, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खोल्याच खोल्या. एकीत तोफेचे दगडी गोळे, कुणीतरी आत्ताच मोजून रचून गेल्यासारखे. एकीत भिंतीत ओळीनं कोनाडे, आणि प्रत्येक कोनाड्यावर दिव्याची काजळी. मी बोट लावलं तर बोट काळं झालं. कितीशे वर्षांपूर्वी विझलेला दिवा, आणि त्याची काजळी माझ्या बोटाला. एका भिंतीवर ओल्या चुन्यात उमटलेला पंजा होता, माझ्या हाताहूनही लहान. ह्याच्यावरून मी हजारदा भाजीची पिशवी घेऊन गेले होते, भेंडी कोवळी मिळाली नाही म्हणून कुरकुरत. वरून एखादी बस जायची, तेव्हा कमानीतून चिमूटभर धूळ गळायची. तेवढंच काय ते वरचं जग खाली यायचं.

हे मात्र खाली बघत चालले होते. मधेच वाकायचे, जमिनीवर हात फिरवायचे, बोटं चोळून बघायचे. नुसती धूळ. बोळ संपत आला तेव्हा ते थांबले.

"कोरडं आहे," ते म्हणाले. रजिस्टर वाचून दाखवावं तसं म्हणाले.

बाई माझ्याकडं बघायला लागल्या. छत सापडलं, पोकळी सापडली, पण ह्यांना त्यातलं काही नको होतं. ह्यांना तो थेंब हवा होता. तो नसला तर माझं ते भासाचं वाक्य खरं होणार होतं, आणि तेही ह्यांच्या डोळ्यांदेखत.

"शेवटी एक जागा आहे," बाई म्हणाल्या. "काकांना ती दाखवायचीय."

बोळाच्या टोकाला भिंतीत कोरलेली बैठक होती. एका माणसापुरती. आणि बसल्यावर डोकं जिथं टेकेल तिथं दगडात एक खळगा होता, गुळगुळीत, ताटासारखा चकाकणारा.

"वेढा पडला की शत्रू बाहेरून भुयार खणत यायचा, तटाखाली दारू भरून उडवायला," बाई सांगू लागल्या. "म्हणून इथं एक शिपाई बसवलेला असायचा. कान भिंतीला लावून. कुठं खणतायत ते ऐकायचं, एवढंच त्याचं काम. पाळ्या लावून बसायचे. हा खळगा कुणी कोरलेला नाही, काकू. डोकी टेकून टेकून झालाय."

मी ह्यांना सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, कारण मधेच माझे ओठ थरथरायला लागले आणि ह्यांना वाचता येईना.

ह्यांनी हेल्मेट काढलं. बैठकीवर बसले आणि डोकं सावकाश मागं नेऊन त्या खळग्यात टेकवलं. अगदी मापात बसलं. मी जन्मभर मापं घेतलेली बाई, मला कळतं.

"म्हणजे आपल्याच खात्यातला," हे म्हणाले. "सुट्टी कधी असायची विचार."

मग त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि वाटी कानाला लावली. ऐकू येणार नाही हे त्यांनाही माहीत होतं, पण सवय. डोळे मिटून बसले. ऐकतानाचं ते तोंड मी ओळखत होते. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि काठी माझ्याकडं दिली.

"तू बघ."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं काही नसतं. गप्प बसायचं असतं. तुला जमायचं नाही, पण बघ."

मी त्यांच्या शेजारी गुडघे टेकून बसले. वाटी कानाला लावली. आधी माझंच रक्त ऐकू आलं, मग गवंड्याचा श्वास, मग लांब कुठंतरी वरची बस. ती गेली. जिवाचा कान करून ऐकणं म्हणतात ते मी त्या दिवशी पहिल्यांदा केलं. काही नाही. अजून काही नाही. मनात म्हणाले, अरे बाबा, एकदा पड. एकदाच.

टप्.

इतका बारीक, की मला वाटलं भास झाला. तो शब्द मनात आला आणि मला स्वतःची शरम वाटली.

मी ह्यांचं मनगट धरलं. परत थेंब पडला तसं बोटानं मनगटावर टिचकी दिली. ते मोठ्यानं मोजायला लागले. "एक, दोन, तीन..." बाई जागच्या हलल्या नाहीत. सतरा आले. सतरा गेले. ह्यांचा आवाज जरा कापला, पण मोजत राहिले. एकोणिसाला टप्. मी टिचकी दिली. पुन्हा मोजलं. पुन्हा एकोणीस.

"तेव्हा सतरा होते," हे म्हणाले. "तोही थकला माझ्यासारखा."

मग बाईंनी काठी घेतली, ऐकलं आणि ती गवंड्याकडं दिली. त्यानं ऐकलं आणि मग दिवा जवळ नेऊन भिंतीवर हात फिरवायला लागला. "बाई, हे एवढं काम मागाहूनचं आहे. चुना वेगळा आहे. इथं खिडकी असणार, कुणीतरी बुजवलीय."

एक दगड सुटायला तासभर गेला. दगडाआधी वास आला, पाण्याचा. मग दगड हलला, गवंड्यानं तो मांडीवर घेतला आणि बाईंनी दिवा आत धरला.

आत खांब उभे होते. पाण्यात उभे. दिव्याचा उजेड पोचला तिथपर्यंत खांबच खांब, आणि त्यापुढं अंधारात आणखी. पाणी काळं आणि इतकं निवांत, की खांब वर किती आणि खाली किती ते कळेना. कुठून तरी एक थेंब पडला. त्याची वर्तुळं सावकाश पसरत गेली आणि एकेका खांबाला लागत गेली. सगळा किल्ला पीत होता हे पाणी, आणि मग सगळे विसरून गेले, आणि ते आपलं थेंब थेंब भरत राहिलं. गवंड्यानं टोपी काढली. बाई जमिनीवर बसल्या. मला रडू आलं, आणि ते लपवायचं माझ्या लक्षातही आलं नाही.

ह्यांनी बाही सरकवून भोकातून हात आत घातला, खांद्यापर्यंत. हात पोचला. बराच वेळ त्यांनी तो पाण्यात तसाच ठेवला.

"गार आहे," म्हणाले.

"मी तेव्हा चुकले," मी म्हणाले. "लोकांसमोर तसं बोलायला नको होतं मी." पण ह्यांचं तोंड भोकाकडं होतं आणि दिवा बाईंच्या हातात होता.

वर आलो तेव्हा दुपार झाली होती. ऊन डोळ्यांना सोसेना. बाई दोरीपाशीच थांबून फोनवर कुणाला तरी जोरजोरात सांगत होत्या. मी ह्यांचा हात पुसायला रुमाल काढला, तर ह्यांनी हात मागं घेतला. "राहू दे."

सायकलवाला दुकानाच्या पायरीवर बसला होता. केस पांढरे झाले, पण जीभ तीच. दोन गिऱ्हाईकं आणि दोरीपाशी जमलेले दहाबारा जण ऐकतील अशा बेतानं म्हणाला, "काय कोरडे, सापडलं का पाणी?"

ह्यांना ऐकू आलं नाही. ते पुढं चालू लागले होते.

मी थांबले. एकतीस वर्षांपूर्वी ज्या आवाजात बोलले होते, त्याहून मोठ्यानं म्हणाले, "सापडलं. तलाव आहे खाली. ह्यांना बरोबर ऐकू आलं होतं. भास मला झाला होता."

सायकलवाला उठून उभा राहिला. मी वळून पाहिलं तर हे बरेच पुढं गेले होते, रस्त्याच्या कडेकडेनं, काठी काखेत धरून. ओला हात अंगापासून जरा लांब धरला होता, कपड्याला लागून पुसला जाऊ नये म्हणून.